रॉकेटच्या पंखांना मेथीचं लिंपण

मी बोरीला माहेरी आले ती सातव्या महिन्यात, ओटी भरून घेऊन. परत जायची वेळ आली तेव्हा सोबत न्यायला बाळ नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मध्येच "अगं बाई" करायला नको. आठवा सरता सरता बी.पी. वाढलं, फिट आली, आणि आळेफाट्याला दवाखान्यात पोचेपर्यंत पोटातलं हलणं थांबलेलं होतं. ऑपरेशन करून काढलं तिला. मी दोन दिवस गुंगीत होते. शुद्धीवर आले तेव्हा सगळं उरकलं होतं. बाळाला नेलं होतं, पुरलं होतं, आणि पुरून आलेली माणसं आंघोळी करून, चहा पिऊन आपापल्या कामाला लागली होती.

"पोरगी व्हती," एवढंच आई म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून सलाईनची बाटली बघायला लागली.

कुठं पुरली ते कुणी सांगेना. आईला विचारलं तर म्हणाली, "जावईपाव्हन्यांनी नेली. त्यांनाच ठावं. आन तू इचारू नको बाई. आईला जागा कळली की तिचा जीव तिथंच घुटमळत राहातो." भावाला विचारलं. आम्ही त्याला दादा म्हणतो, हायस्कुलात विज्ञान शिकवतो तो. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि त्यात डोकं घातलं. वर्गात पोरांनी प्रश्न विचारला की हाच माणूस "शाब्बास, विचारायलाच पायजे" म्हणतो म्हणे.

राहिला नवरा. तो शिनोलीला. घोडेगावात त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. मुळात कमी बोलणारा. रोज दुपारी डबा खायच्या आधी त्याचा फोन यायचा.

"जेवलीस का?"

"हो."

"गोळ्या?"

"घेतल्या."

"बरं. ठेवतो."

एकदा मी ठेवायच्या आत विचारलं, "तिला कुठं ठेवलं?" पलीकडं एक मोटार घरघरत होती. ती बराच वेळ घरघरली. मग तो म्हणाला, "गिऱ्हाईक आलंय," आणि फोन बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, जेवलीस का.

तेव्हा मी ठरवून टाकलं. सव्वा महिना झाला की हा मला न्यायला येणार. जागा सांगितली तर जाईन, नाही सांगितली तर जाणार नाही. आईला तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "येडी का खुळी तू? तेवढ्यासाठी संसार मोडती का कुनी?" मी म्हटलं, मोडते. आणि खरं सांगते, हे बोलताना मला ना राग आला, ना रडू. भाजी कोणती करायची ते सांगावं तसं सांगितलं.

मला काही वाटतच नव्हतं. टाक्यांच्या वरची वितभर कातडी बधिर झाली होती, चिमटा घेतला तरी कळत नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईल हळूहळू, नसा जुळायला वेळ लागतो. बाकीचं कधी येईल ते मी त्यांना विचारलं नाही. भेटायला बायका यायच्या, हातात हात घेऊन रडायच्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि मनात म्हणायचे, आता उठा की बाई, चहा झाला ना तुमचा. आईनं बाळंतिणीचे सगळे नेम मात्र सोडले नव्हते. कानाला रुमाल, पाठीला शेक, गार पाण्यात हात घालायचा नाही. बाळाशिवायची बाळंतीण मी. पण नेम ते नेम. रुमाल बांध म्हटलं की मी बांधायचे.

त्यात दादाचं रॉकेट निघालं.

जुन्नरला शिक्षकांचं उन्हाळी विज्ञान शिबिर होतं आणि प्रत्येकानं स्वतःच्या हातानं केलेलं काहीतरी घेऊन जायचं होतं. दादानं पाण्याचं रॉकेट करायला घेतलं. म्हणजे कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली उलटी करायची, तिच्यात तिसरा हिस्सा पाणी, तोंडाला बूच, बुचातून नळी, आणि नळीतून पंपानं हवा भरत राहायची. दाब पुरेसा झाला की बूच सुटतं, पाणी खाली फसकन येतं आणि बाटली वर जाते. एवढं सोपं. पण नुसती बाटली कुठंही भरकटते, तिला पुढं निमुळतं टोक लागतं आणि मागं तीन पंख लागतात. ते त्यानं वॉशिंग मशीनच्या खोक्यातल्या थर्माकोलचे कापले. जुन्या शेगडीची तार तापवून कापले. टोकासाठी थर्माकोलच्या चकत्या एकावर एक चिकटवून, ड्रिल मशीनच्या दांड्यावर बसवून फिरवलं आणि पॉलिश पेपर धरला. काम झकास झालं, पण पांढरे दाणे घरभर. पिठाच्या डब्यात दाणे, देव्हाऱ्यात दाणे. आई दोन दिवस दादाचा उद्धार करत होती.

मी ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली असायचे. समोर अंगणात हे चालायचं. बघत होते म्हणण्यापेक्षा डोळे तिकडं होते, इतकंच.

ऑपरेशननंतर पंचविसाव्या दिवशी दादा फाट्यावरून स्प्रेचा डबा घेऊन आला. ट्रकवाले ओरखड्यावर मारतात तसला. पहिल्या पंखावर त्यानं फवारा धरला आणि पंख बसायला लागला. खड्डे पडले, खड्ड्यांची भोकं झाली, कडा वळल्या आणि तळहाताएवढा पंख बघता बघता निंबाच्या पानाएवढा झाला. दादा त्याच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हा तुकडाच डिफेक्टिव्ह दिसतोय." आणि त्यानं दुसरा पंख उचलला! आणि त्याच्यावरही मारला!

बी.एस्सी. बी.एड. माणूस. मी उठले. टाके ओढले तरी उठले.

"अरे ए शहाण्या! थर्माकोल विरघळतोय त्या रंगानं! एक घालवला तेवढा बास न्हाई झाला का? डोकं गहाण टाकलंय का तुझं?"

आई स्वयंपाकघरातून कालवणाचा हात तसाच घेऊन धावत आली. मी ओरडले म्हणून तिला इतका आनंद झाला की दाराला धरून उभी राहिली आणि माझ्याकडं बघून हसायला लागली. महिन्याभरात माझा आवाज चढलेला तिनं ऐकला नव्हता. मला मात्र त्या हसण्याचाही राग आला. सगळं गेलं होतं, राग तेवढा परत आला होता.

"मग करू काय?" दादा म्हणाला. "नुसतं पांढरं नेऊ? पाण्यात काम आहे, आन पोरं हात लावणार. दाणे सुटतील."

"आधी त्याची भोकं बुजव. वरून कायतरी लिंप. मग ऑइल पेंट मार ब्रशनं."

"काय लिंपू?"

आणि आई दारातून पटकन म्हणाली, "सुपाला लिंपत्यात तसं लिंपा की. कागुद भिजवा, मेथ्या तर हायेतच घरात दोन किलो…"

एवढं बोलून ती थांबली. दोन किलो मेथ्या घरात का होत्या ते सगळ्यांना माहीत होतं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मेथीचे लाडू करतात. आईनं मार्केटातून निवडून आणल्या होत्या, साफ करून डब्यात भरल्या होत्या. आणि मग मला दूध आलं तिसऱ्या दिवशी, आणि डॉक्टरीणबाईंनी ते आटायच्या गोळ्या दिल्या, आणि आईनं तो डबा मला दिसू नये म्हणून कांद्याच्या पोत्यामागं ढकलला. तो मला पहिल्याच दिवशी दिसला होता.

"आन," मी म्हटलं. "कीड लागून जायच्या नाहीतर."

मेथीला कीड लागत नाही. म्हणूनच तर सुपाला लावतात. आईनं ते मला सांगितलं नाही. तिनं डबा आणला, मुठीनं मेथ्या मोजल्या, पाण्यात टाकल्या आणि आत जाऊन बराच वेळ भांडी वाजवत राहिली.

आमच्याकडं नवं सूप तसंच वापरत नाहीत. बांबूच्या फटींतून बारीक दाणा जातो. म्हणून जुने कागद दोन दिवस भिजवायचे, मेथ्या रात्रभर भिजवायच्या, दोन्ही एकत्र कुटायचं, चिमूटभर हळद घालायची आणि तो लगदा तळहातानं सुपाला थापायचा. वाळला की पुठ्ठ्यासारखा कडक होतो. मेथीचा चिकटपणा असा की बोटं एकमेकांपासून सुटत नाहीत. मी लहानपणी आईच्या मागं बसून बघितलं होतं, पण हात घातला नव्हता कधी. आता घातला. गार पाणी चालत नव्हतं म्हणून आई पाणी कोमट करून द्यायची. कागद दादाच्या जुन्या उत्तरपत्रिकांचे. काय काय लिहिलं होतं पोरांनी, सगळं भिजून गेलं.

दादानं दोन नवे पंख कापून दिले, पण पहिला हात फुकट गेला. थर्माकोल गुळगुळीत, त्याला लगदा धरेना. सकाळी लावलं, दुपारी पापुद्रा निघून खाली. सुपाला बांबूच्या उभ्या-आडव्या पट्ट्या असतात, त्यात लगदा अडकतो. इथं अडकायला काही नाही. मग मी तिन्ही पंख आणि टोक पॉलिश पेपरनं खरवडले, वरून फेविकॉलचा हात दिला आणि तो अर्धवट ओला असतानाच लगदा थापला. बसला. उन्हात ठेवला तर चरे पडले. पुन्हा केलं, या वेळी पडवीत सावलीला ठेवलं. आई येता-जाता बोट लावून बघायची आणि "जाड झालंय" म्हणायची. तिला काय कळतंय रॉकेटमधलं, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या रात्री उंदरानं एका पंखाची कड खाल्ली. सकाळी दादा म्हणाला, "मेथीला कीड लागत न्हाई म्हनत्यात ना." मी म्हटलं, उंदीर काय कीड आहे का. आई म्हणाली, "खाऊ दे, त्याची बायको बाळंत असंल." आणि लगेच जीभ चावली. मला काही वाटलं नाही. खरंच वाटलं नाही. मी नवा लगदा घेतला आणि कड पुन्हा भरली.

असे आठ-नऊ दिवस गेले. सकाळी लिंपायचं, वाळायला टाकायचं, दुसऱ्या दिवशी घासायचं, खड्डा दिसला की बोटानं भरायचं, पुन्हा घासायचं. त्या कामाचं बरं वाटत होतं असं म्हणणार नाही. बरं-वाईट काही नव्हतं. फक्त हाताला पुढचं ठाऊक असायचं. बाकी दिवसाला पुढचं काहीच ठाऊक नव्हतं.

सगळं बाटलीला चिकटवल्यावर दादानं परीक्षा घेतली. रॉकेटच्या मध्यावर, जिथं ते तराजूसारखं तोललं जाईल तिथं दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरागरा फिरवायचं. टोक पुढं राहिलं तर नीट उडेल. आमचं शेपूट पुढं आणि टोक मागं! मागचे पंख लिंपून लिंपून मी इतके जड केले होते की रॉकेट उलटंच चाललं. आई ओट्यावरून म्हणाली, "म्हनलं व्हतं ना, जाड झालंय." पंख अर्धे होईपर्यंत घासत बसले, सगळी दुपार. दादानं टोकाला भोक पाडून आत लोखंडी नट सरकवले आणि भोक मी बुजवलं. मग ते सरळ फिरलं.

रंग दिला तो निळा, आमच्या फाटकाचा उरलेला. टोक केशरी. ऑइल पेंट टर्पेंटाइन घालून पातळ करायचा, एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, हलकं घासायचं, दुसरा हात द्यायचा. तीन हात दिले. लिंपणाखाली थर्माकोल शाबूत राहिला, कुठंही बसला नाही. दादा दोन बाजूंनी बघून म्हणाला, "बाजारातलं वाटतंय राव." मला बरं वाटायला हवं होतं. मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतला, पुसला, आणि आई जेवायला हाक मारीपर्यंत तसाच हातात धरून बसले.

सव्वा महिना झाला त्या रविवारी सकाळी नवरा आला. मित्राची गाडी मागून आणलेली, एकटाच. वाळला होता. आईनं शिरा केला, तो त्यानं खाल्ला. मी समोर बसले, कानाला रुमाल बांधून. तो म्हणाला, "बरी हाईस?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "आमच्या आईनं सांगितलंय, बेगीनं या." मी वाट बघत राहिले. तो पाणी प्याला. मी अजून वाट बघितली. त्यानं पेला उपडा घातला आणि छताच्या पंख्याकडं बघत म्हणाला, "आवाज करतोय. बेरिंग गेलंय."

मी उठून आत गेले. माझी पिशवी मी भरली नव्हती. आईनं माझ्या नकळत भरून दाराशी ठेवली होती. ती मी उचलली आणि कपाटात टाकली. आई हात जोडायची तेवढी राहिली. "अगं, त्यो आलाय ना न्यायला! आनखी काय पायजे तुला?" मी म्हटलं, "काय पायजे ते तुला पन ठावं हाय, आन त्यांना पन."

दादानं हे ऐकलं असावं. तो मोठ्यानं म्हणाला, "पाव्हणं, आलाच हाय तर बघून जा. आज उडवायचंय." नवऱ्याला तर पंख्याखालून सुटकाच पाहिजे होती. तो अंगणात गेला, रॉकेट बघितलं, बुचातून हवा गळत होती ती त्याच्या लगेच ध्यानात आली. गाडीतून हत्यारांची पिशवी आणली, सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बुचाला गुंडाळला. गळती बंद. मग पंखावर अंगठा फिरवत त्यानं विचारलं, "ह्ये कुनी केलं?"

"हिनंच," दादा म्हणाला.

"चांगलं झालंय," नवरा म्हणाला. माझ्याकडं न बघता.

मला वाटलं, तो डबाभर टर्पेंटाइन ओतावा ह्याच्या डोक्यावर. चांगलं झालंय म्हणे!

घरामागं कांदा काढून मोकळं झालेलं रान होतं, त्याच्या पलीकडं शेजाऱ्याचा ऊस. दादानं विटांच्या आधारानं रॉकेट उभं केलं आणि पायपंप मारायला सुरुवात केली. आई बांधावर उभी. मी तिच्या शेजारी. नवरा बूच सोडवायची दोरी धरून. दादा म्हणाला, "मी तीन-दोन-एक म्हणतो, मग ओढा." त्यानं "तीन" म्हटलं आणि बूच आपोआपच सुटलं. सगळं पाणी दादाच्या अंगावर. आणि ते निळं रॉकेट सरळ, अगदी सरळ वर गेलं. निंबाच्या झाडाच्याही वर गेलं. तिथं जरा थांबलं, मग वाऱ्यानं कललं आणि उसात जाऊन पडलं.

"गेलं!" आई म्हणाली.

दादा चिंब भिजलेला, खुशीत टाळ्या वाजवत होता. उसाकडं नजर गेली आणि टाळ्या थांबल्या. मागच्याच आठवड्यात त्या उसात बिबट्याची मादी पिलांसकट दिसली होती. "ऱ्हाऊ द्या पाव्हणं," तो म्हणाला. "दुसरं करू. उसात कशाला जाताय."

पण नवरा निघाला होता. विजार वर खोचली आणि सरळ सरीत शिरला. आणि त्याच्या मागं मी. आई मागून ओरडत होती, टाके हायेत, बाई टाके हायेत. ह्यात धाडस वगैरे काही नव्हतं. मला भीती वाटत नव्हती, दुखणंच ते होतं माझं.

उसात वारा नव्हता. पाचटाचा आवाज, आणि पुढं त्याची पाठ. तो मधूनमधून खाकरायचा, जनावराला कळावं म्हणून. पानं हाताला, गालाला कापत होती. चाळीसेक पावलं गेल्यावर तो थांबला. रॉकेट सरीत आडवं पडलं होतं. एक पंख मोडला होता, लिंपण फुटून आतलं पांढरं दिसत होतं.

दुसरा कुणी असता तर एका हातानं पंखाला धरून उचललं असतं. रिकामी बाटली ती, वजन ते काय. हा खाली बसला. आधी वरची माती फुंकली. मग एक हात टोकाखाली घातला, पंजा पसरून, आणि दुसरा हात पंखांखाली घातला, आणि हळूच उचलून छातीशी घेतलं. टोक कोपराच्या आत आलं. आणि तसाच बसून राहिला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तिला असंच नेलं का?"

तो उठला नाही. वळलाही नाही.

"व्हय," म्हणाला.

"कुठं?"

"आपल्या वरच्या खाचराच्या बांधाला. करंजाखाली. मीच खनलं. कुनाला हात लावू दिला न्हाई."

"मग सांगायला काय झालं होतं?" मी ओरडले. उसात, बिबट्याच्या उसात, गळा फाडून ओरडले. "सव्वा महिना! रोज फोन करून जेवलीस का, जेवलीस का! मला काय फक्त जेवायला जन्माला घातलंय? कुनी सांगू नको म्हनलं तुम्हाला?"

"कुनी न्हाई." त्याचा आवाज इतका बारीक झाला की मी जवळ गेले. "जागा सांगितली तर तू इचारशील, कशी दिसत व्हती. आन मला त्ये बोलता येनार न्हाई. म्हनून."

मी त्याच्या समोर जाऊन खाली बसले. टाके ताणले. "बोला," म्हटलं.

तो रॉकेटच्या टोकाकडं बघत होता. मग म्हणाला, "केस लई व्हते. काळेभोर. हनुवटी तुझी."

"मी बघितलीच नाही तिला," मी म्हटलं. "तिच्या अंगाला हात पन लावला नाही मी. कसली आई."

तेव्हा त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "लावला की," म्हणाला.

मला कळेना.

"न्यायच्या आधी तुझ्यापाशी ठिवली व्हती मी. सिस्टर न्हाई म्हनत व्हत्या, त्यांच्या पाया पडलो. दहा मिन्टं, म्हनाल्या. तू गुंगीत. तुझ्या कुशीत ठिवली आन तुझा हात उचलून तिच्या पाठीवर ठिवला. दहा मिन्टं व्हता."

बांधावरून दादा हाका मारत होता.

"कोणता?" मी विचारलं.

"आँ?"

"कोणता हात?"

"डावा. उजव्याला सलाईन व्हतं."

मी डावा हात वर केला. नखांत निळा रंग होता, पानांनी कापलेलं होतं, एका जागी रक्त आलं होतं आणि ते झोंबत होतं. मी रडायला लागले. कधी लागले ते कळलं नाही, पण तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी रडत होते, आणि तो रॉकेट मांडीवर घेऊन समोर रडत होता. दादा धडपडत सरीत आला, आम्हाला बघितलं आणि तसाच मागं फिरला.

बाहेर आलो तेव्हा आईनं कपाटातून पिशवी आणून गाडीपाशी ठेवली होती. मी गाडीत बसले. "बाई, तू जाती का?" ती म्हणाली. "जाते," मी म्हटलं. "आधी बांधावर, मग घरी." तिनं मान हलवली आणि पिशवी खिडकीतून आत दिली. मी ती उजव्या हातानं घेतली.